घोड्यासोबतच्या पहिल्या सत्राआधी घरीच खरारा

घोड्यावर न बसता, जमिनीवर उभं राहूनच त्याच्यासोबत शिकायच्या उपचार-सत्रात मुलांचा बराच वेळ नुसता बिचकण्यात जातो. थोडा सराव घरीच करून घ्या.

१. उपचार-केंद्रातून खराऱ्याचा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा, जुना ब्रश मागून आणा. सोफ्याची पाठ म्हणजे घोडा. मानेकडून मागे, केसांच्या दिशेनं लांब हात फिरवू द्या.
२. जवळ जायचं ते खांद्याच्या बाजूनं, हळू बोलत. घोड्याला अगदी कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून हा सराव रोज घ्या, बाकी राहिलं तरी चालेल.
३. बंद बूट. ओढणी, लोंबते दागिने घरीच.

गाजर खिशात देऊ नका, घोडा तिथंच तोंड खुपसतो. कान मागे चिकटवलेले दिसले की मुलाला लगेच बाजूला घ्या.