जुन्या चित्रपट-पोस्टरचा काळ कसा ठरवावा?

इंदूर हे चित्रपट-वितरणाचे जुने केंद्र असल्यामुळे येथील रद्दीच्या दुकानांत आणि मराठी घरांच्या माळ्यांवर पोस्टर्स अजूनही सापडतात. मात्र चित्रपटाचे प्रदर्शनवर्ष हेच पोस्टरचे छपाईवर्ष असे कधीही गृहीत धरू नये, कारण लोकप्रिय चित्रपट पुन्हा लागताना पोस्टर्सही नव्याने छापली जात.

सर्वप्रथम खालच्या कडेची बारीक ओळ वाचावी. तेथे बहुधा मुद्रकाचे नाव व पत्ता असतो आणि माझ्या मते त्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल, तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच असते. वितरकाच्या पत्त्यात ‘मध्य भारत’ हे राज्य असेल, तर ती बहुधा १९४८ ते १९५६ मधली असते, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले.

त्यानंतर भिंगातून अक्षरे तपासावीत. शिळाछापातील (दगडावरून केलेल्या जुन्या पद्धतीच्या छपाईतील) अक्षरांचा रंग सलग दिसतो. अक्षरेसुद्धा बारीक ठिपक्यांची बनलेली असतील, तर ती मूळ पोस्टरच्या छायाचित्रावरून काढलेली प्रत असण्याची दाट शक्यता असते. घड्यांवरूनही बोट फिरवावे, कारण नकलेत त्या कधीकधी केवळ छापलेल्या असतात.