गवत की खडी? कॅरॅव्हॅनची जागा बुक करताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन निघायचं म्हटलं की कॅम्पसाइटवर जागा बुक करताना दोन पर्याय दिसतात. ग्रास पिच म्हणजे गवतावरची जागा आणि हार्डस्टँडिंग म्हणजे खडी दाबून टणक केलेली. फोटोतली हिरवळ मोहात पाडते, रात्रीमागे बहुतेक वेळा थोडे पौंडही वाचतात, आणि आपण गवतावर बोट दाबून मोकळे होतो.

आम्हीही तेच केलं. तेही एप्रिलमध्ये आणि वायव्य इंग्लंडमधल्या डोंगर-तळ्यांच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये! याच भागातल्या सीथवेटला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे जवळपास कोकणाइतका. फरक एवढाच की कोकणात तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो, इथे वर्षभर पुरवून पुरवून पडतो. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायला गेलो, तर गाडीची पुढची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. साताऱ्याहून आलेले बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "अरे, रेटू नकोस. बैलगाडी असती तर आधी चाकाखाली काहीतरी घातलं असतं." मी रेटलंच. शेवटी साइटवाल्याचा ट्रॅक्टर आला.

इथली खरी चूक म्हणजे जागा निवडताना येण्याचा विचार करणं आणि निघण्याचा न करणं. कॅरॅव्हॅनचा भार गाडीच्या मागच्या टोकावर येतो, त्यामुळे पुढची चाकं हलकी होतात. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर ओल्या गवतावर पकड तिथेच सुटते, आणि चढ असेल तर विचारूच नका. गवत घ्यायचंच असेल तर निघताना उताराच्या दिशेने ओढता येईल अशी जागा मागा. कॅरॅव्हॅनचं तोंड वाटेकडे करूनच ती लावा. निघताना दुसऱ्या गिअरमध्ये, हळूच. चाक एकदा जरी फिरलं तरी थांबा आणि चाकाखाली मॅट सरकवा. आमच्या डिकीत आता दोन जुनी पायपुसणी कायम असतात. मोटर मूव्हर, म्हणजे गाडीशिवाय कॅरॅव्हॅन हलवणारी तिच्या चाकांजवळची मोटर, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चिखलात त्याचे रोलरही टायरवर घसरतात.

म्हणून डोळे मिटून हार्डस्टँडिंग घ्यावं, असंही नाही. खडी टणक असते, पण सपाट असेलच असं नाही. पाणपातळी (स्पिरिट लेव्हल) लावून बघा. आधी आडवा तोल, म्हणजे खालच्या बाजूच्या चाकाखाली रॅम्प. मग पुढे-मागे, जॉकी व्हीलने, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाच्या वर-खाली होणाऱ्या छोट्या चाकाने. चार कोपऱ्यांचे पाय शेवटी, आणि ते फक्त टेकवण्यासाठी. त्यांनी कॅरॅव्हॅन उचलायला जाल तर तेच वाकतील. गवतावर मात्र या पायांखाली फळीचे तुकडे हवेतच, नाहीतर रात्रीतून एक कोपरा खाली जातो. तिरक्या कॅरॅव्हॅनमध्ये शॉवरचं पाणी साचतं आणि गॅसवरही चालणारा फ्रिज नीट गार होत नाही.

खडीवर सगळ्यात जास्त रडवतं ते ऑनिंग, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या बाजूला जोडायचा तंबू. सोबत मिळणारे प्लास्टिकचे पेग (तंबूच्या खुंट्या) दोन घावांत तुटतात. त्यासाठी पोलादी पेग आणि जड हातोडा लागतो, किंवा ड्रिलने फिरवून बसवायचे पेग. हवा भरून उभं राहणारं ऑनिंग आहे म्हणून पेगांतून सुटका नाही. वारा सुटला की तेही उडतं. ठोकण्याआधी वॉर्डनला, म्हणजे साइट सांभाळणाऱ्याला, विचारा, खालून विजेची केबल किंवा पाण्याचा पाइप गेलेला असू शकतो. आणि बुकिंग करतानाच खडीची लांबी-रुंदी विचारून घ्या. काही ठिकाणी ती जेमतेम कॅरॅव्हॅनपुरतीच असते, ऑनिंग बाजूच्या गवतावर.

गवतावर अंथरायचं असेल तर हवा खेळणारं जाळीदार अंथरूण घ्या. प्लास्टिकची ताडपत्री दोन दिवसांत खालचं गवत पिवळं करते, मग वॉर्डनची बोलणी खा.

जुलैत, आठवडाभर पाऊस नसताना, निचरा होणाऱ्या रेताड जमिनीवर मी आजही गवतच घेतो. मुलं अनवाणी धावतात, क्रिकेट होतं, खडीवर पडून गुडघे फुटत नाहीत. चिकणमातीचं शेत असेल तर मात्र उन्हाळ्यातही दोनदा विचार करतो. घरून निघण्याच्या आदल्या दिवशी साइटवर फोन करून "सध्या गवत कसं आहे?" एवढंच विचारा. ट्रॅक्टर त्यांनाच काढावा लागतो, त्यामुळे ते बहुधा खरं सांगतात.