'मी' म्हणजे कोण? या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी

तत्त्वज्ञान शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक विभागणी आधीच पक्की असते: पूर्वेकडे 'मी' विश्वात विरून जातो, पश्चिमेकडे तो स्वतंत्र आणि एकटा उभा असतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ही विभागणी बाजूला ठेवून वाचायला बसा. खरी भांडणं घरातच आहेत. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, नित्य आत्मा मानतात, बौद्ध तो नाकारतात, चार्वाकांना देहापलीकडे काहीच मान्य नाही. तिकडे पश्चिमेत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ साली विचार करणारं द्रव्य म्हणून 'मी' सिद्ध केला, तर १७३९ मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम म्हणाला की आत डोकावलं की एखादी ऊब, एखादं दुःख, एखादी आवड सापडते. 'मी' असा वेगळा सापडतच नाही. बौद्ध आचार्य वसुबंधूचं अभिधर्मकोशातलं पुद्गलखंडन, म्हणजे 'व्यक्ती' अशी वेगळी वस्तू आहे या मताचं खंडन, वाचल्यावर ह्यूम परका वाटत नाही.

मला स्वतःला या विषयाची गोडी लागली ती न्यायसूत्रांतल्या एका साध्या युक्तिवादाने. जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली, तीच आता हाताने चाचपतो आहे, हे मला कळतं. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रूप दिसत नाही. मग 'तीच ही' असं म्हणणारा कोण? दोन्ही ज्ञानं ज्याची आहेत असा कुणीतरी एक हवा. बौद्धांचं यावर उत्तर असं की क्षणांची कार्यकारण-साखळी पुरेशी आहे. आधीच्या क्षणाचा संस्कार पुढच्या क्षणात उतरतो, त्यासाठी मालक लागत नाही. हा वाद हळूहळू वाचा. दोन्ही बाजू आळीपाळीने पटू लागल्या की समजा, अभ्यास मार्गी लागला.

त्यानंतर देकार्त आणि शंकराचार्य शेजारी ठेवून वाचा. 'मी नाही' असं कुणालाच वाटत नाही, असं शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच येतं. सगळ्यावर संशय घेता आला तरी संशय घेणारा उरतोच, हे देकार्तचं म्हणणं. पहिलं पाऊल जवळपास एकच, पण पुढे वाटा फुटतात. देकार्तसाठी विचार हा 'मी'चा गाभा आहे. शंकराचार्यांसाठी विचार हे अंतःकरणाचं, म्हणजे मन-बुद्धीचं, काम. आत्मा त्याचा फक्त साक्षी, आणि 'मी विचार करतो' हा अध्यास, म्हणजे एकाचा धर्म चुकून दुसऱ्यावर लादणं. इतकी सुंदर फारकत मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

आता सगळ्यात उपयोगी पडलेली सवय सांगतो. कोणताही विचारवंत वाचताना विचारा: याला 'मी' कशासाठी हवा आहे, किंवा का नको आहे? इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने स्मृती आणि जाणीव यांवर व्यक्तीचं ऐक्य उभारलं, कारण शिक्षा आणि बक्षीस कुणाला द्यायचं हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. बौद्धांनी 'मी' नाकारला, कारण आसक्ती आणि दुःख तिथे रुजतात. न्यायदर्शनाला कर्म करणारा आणि फळ भोगणारा एकच हवा. हे समजलं नाही, तर सगळी मतं नुसती पाठ होतात.

कन्फ्यूशियसच्या परंपरेत माणूस मुलगा, पिता, मित्र अशा नात्यांमधून घडतो. तीही आपल्या दर्शनांशी एक करू नका. 'पूर्व' हा शब्द इतकं सगळं पेलू शकत नाही. मार्कस आणि कितायामा यांचा १९९१ चा मानसशास्त्रीय लेख तुम्हाला लवकरच भेटेल. स्वतंत्र आणि परस्परावलंबी 'स्व' हा त्यातला भेद लोक स्वतःकडे कसं पाहतात याविषयी आहे. आत्मा आहे की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही, म्हणून त्याची टिपणं वेगळ्या वहीत ठेवा.

सुरुवातीला मिलिंदपञ्ह या पाली बौद्ध ग्रंथातला रथाचा संवाद घ्या. चाक, आस, दांडा यांपैकी रथ कोणता, हे भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो. तो वाचून झाल्यावर नैयायिकाच्या बाजूने त्याला पानभर उत्तर लिहा, मगच पुढच्या ग्रंथाकडे वळा.