डी३८एन म्युटंट मेलेला का दिसत नव्हता? माझा अनुभव

किटोस्टेरॉइड आयसोमरेज हे स्टेरॉइडमधला दुहेरी बंध सरकवणारं एन्झाइम. त्याच्या सक्रिय केंद्रात अ‍ॅस्पार्टेट ३८ (साखळीतलं ३८वं अमिनो आम्ल) स्टेरॉइडचा प्रोटॉन उचलतं. टायरोसिन १४ आणि अ‍ॅस्पार्टेट ९९ स्टेरॉइडचा ऑक्सिजन हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. ३८ वर अ‍ॅस्पार्टेटऐवजी अ‍ॅस्पराजिन बसवलं (हाच डी३८एन म्युटंट) की अभिक्रियेचा वेग लाखपटींहून जास्त पडायला हवा. आमचा जेमतेम हजारपट पडला.

दोष कॉलमचा निघाला. म्युटंट ज्या डीऑक्सीकोलेट कॉलमवर (यातलं रेझिन एन्झाइमला धरून ठेवतं) शुद्ध केला, त्यावरच आधी मूळ एन्झाइम शुद्ध केलं होतं. हजारात एक अंश मागे राहिला, तरी म्युटंटची खरी क्रिया त्याखाली बुडते. आता प्रत्येक म्युटंटला नवं रेझिन, वेगळा कॉलम. उरलेल्या क्रियेचा केएम (निम्मा कमाल वेग देणारं सब्स्ट्रेटचं, म्हणजे इथे स्टेरॉइडचं, प्रमाण) हुबेहूब मूळ एन्झाइमइतका आला, तर भेसळीचाच संशय घ्यावा. शिवाय जुन्या नमुन्यात अ‍ॅस्पराजिनचं डीअ‍ॅमिडेशन (अमाइड गट गळणं) होऊन पुन्हा अ‍ॅस्पार्टेट बनतं, म्हणून ताजाच वापरावा.

मापन २४८ नॅनोमीटरला (तिथे तयार झालेल्या स्टेरॉइडचं प्रकाशशोषण वाढतं), पीएच ७, क्युवेटमध्ये मिथेनॉल ३.३ टक्के. स्टेरॉइड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून मिथेनॉल. गढूळपणा आला की शोषण खोटं वाढतं. पुण्याच्या एप्रिलात उघड्या कुपीतलं मिथेनॉल उडून स्टेरॉइडचा स्टॉक (मूळ द्रावण) घट्ट होतो, तेव्हा कुपी बर्फात, झाकण लावूनच ठेवा. एन्झाइमविना ब्लँक (तुलनेसाठीचं मापन) दरवेळी घ्याच. सब्स्ट्रेट आपोआपही थोडं बदलतं.