‘रायट अ‍ॅक्ट वाचला’ : भाषांतर करताना आणि वापरताना या चुका टाळा

‘कोचने खेळाडूंना दंगल कायदा वाचून दाखवला.’ इंग्रजी बातमी शब्दाला शब्द ठेवून उतरवली की असलं वाक्य तयार होतं. कोच ड्रेसिंग रूममध्ये कलमं उघडून बसला होता की काय, असं वाटतं! इंग्रजीत ‘रायट अ‍ॅक्ट वाचणं’ म्हणजे कडक तंबी देणं. मराठीत ‘सज्जड दम भरला’ म्हटलं की काम झालं.

पण ‘खरडपट्टी काढली’ म्हणू नका. खरडपट्टी झाल्या चुकीची निघते, तंबी पुढच्यासाठी असते. ज्याला कामावरून काढून टाकलं, त्याला रायट अ‍ॅक्ट वाचून काय उपयोग? हा फरक मूळ कायद्यातूनच आला आहे.

ब्रिटनमध्ये 1714 साली पहिला जॉर्ज गादीवर आला. त्याच्या राज्यारोहणाला विरोध होता, गावोगाव दंगली होत होत्या, वेगळ्या पंथाच्या प्रार्थनाघरांवर जमाव चालून जात होते. संसदेने ‘रायट अ‍ॅक्ट’ म्हणजे दंगल कायदा केला आणि तो 1 ऑगस्ट 1715 पासून लागू झाला. बारा किंवा जास्त माणसं जमून दंगा करू लागली, की दंडाधिकारी, शेरीफ किंवा मेयर यांनी जमावाजवळ जाऊन मोठ्या आवाजात राजाज्ञा वाचायची : ताबडतोब पांगा, आपापल्या घरी किंवा कामाला जा. त्यानंतर एक तास. तासाभरानेही बारा जण तिथेच राहिले, तर तो देहदंडाचा गुन्हा. फाशीची ही तरतूद 1837 मध्ये गेली.

म्हणजे अख्खा कायदा कुणी वाचत नसे. वाचायची ती दोन-चार ओळींची आज्ञा, पण शब्द न् शब्द. शेवटचं ‘देव राजाचं रक्षण करो’ गाळलं म्हणून ते वाचन न्यायालयाने 1830 मध्ये ग्राह्य धरलं नाही. बारीक अक्षरांना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा गैरसमज जुना आहे आणि तो महागात पडला. आज्ञा वाचल्याशिवाय सैन्याला हातच उचलता येत नाही, असं खुद्द अधिकारीही धरून चालले होते. 1780 च्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलीत लंडन जळत असताना सैनिक दंडाधिकाऱ्याची वाट बघत उभे राहिले. शेवटी सरकारच्या कायदे-सल्लागाराने सांगितलं, की जाळपोळीसारखा गंभीर गुन्हा डोळ्यांसमोर घडत असेल तर तो थांबवायला वाचनाची गरज नाही. वाचलं नाही म्हणून दंगल माफ, असंही नव्हतं. दंगल हा आधीपासूनच गुन्हा होता, या कायद्याने शिक्षा वाढवली.

उलट टोकाची चूक म्हणजे, वाचलं म्हणजे लोकांनी ऐकलंच असं धरणं. 16 ऑगस्ट 1819 ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर हजारोंची सभा होती. आज्ञा वाचली असा दंडाधिकाऱ्यांचा दावा, पण बहुतेकांच्या कानावर काही पडलं नाही. तास उलटायच्या आत घोडेस्वार गर्दीत घुसले, माणसं मेली आणि शेकडो जखमी झाले. ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये 1919 साली तर शेरीफ वाचत असतानाच जमावातल्या कुणीतरी त्याच्या हातातला कागद हिसकावला.

आपल्याकडे हा वाक्प्रचार समजावताना ‘म्हणजे आपलं 144’ असं सांगतात. तेही बरोबर नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 144 (1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 163) हा जमाव जमण्याआधीही काढता येणारा मनाई आदेश. जमलेल्या बेकायदा जमावाला पांगा म्हणण्याचा अधिकार वेगळ्या कलमात आहे, पूर्वीच्या 129 मध्ये. तुलनाच करायची तर त्याच्याशी करा. मात्र आपल्याकडे बेकायदा जमावाला पाच माणसं पुरतात, आणि ठरलेला मजकूर किंवा तासाची मुदत कायद्यात नाही.