फेकाफेकीचा खेळ रंगत नाही? मग या चुका टाळा

हिवाळ्यात ओलिताची लाइन आमच्याकडे पाळीपाळीने येते, रात्रीची पाळी असली की साडेअकराशिवाय मोटर चालू होत नाही आणि तोवर डोळा लागला तर हरभरा तसाच राहतो, म्हणून जेवणं झाली की सात-आठ जण आमच्या छपरीत बसतो आणि डिक्शनरीचा खेळ खेळतो. गावात त्याचं नाव पडलं फेकाफेकी. खेळ आमचा नाही, बाहेर याला फिक्शनरी म्हणतात, १९८४ मध्ये कॅनडात बाल्डरडॅश या नावाने त्याचा डब्बाही बाजारात आला, पण डब्ब्याची गरज काहीच नाही. एक जाडा शब्दकोश, एक शंभरपानी वही आणि सगळ्यांना एकाच रंगाचे पेन, बस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकाने कोश धरायचा आणि कोणालाच ठाऊक नसेल असा शब्द काढायचा, बाकीच्यांनी त्याचा खोटा पण खरा वाटेल असा अर्थ चिठ्ठीवर लिहून द्यायचा, कोशवाला खऱ्या अर्थाची चिठ्ठी त्यात मिसळून सगळ्या वाचतो आणि मग प्रत्येकाने खरी कोणती ते सांगायचं. बरोबर ओळखलं तर २ गुण, आपल्या फेकीला जो फसेल त्याच्यामागे १, आणि खरा अर्थ कोणालाच सापडला नाही तर कोशवाल्याला ३. हे आमचे गुण झाले, तुम्ही तुमचे ठरवा, पण खेळाच्या आधी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पहिल्या वर्षी गुणांवरूनच भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, पोळ्यापर्यंत बोलत नव्हते.

शब्द निवडताना होणाऱ्या चुका

सगळ्यात जास्त खेळ इथंच मरतो. माझी पुतणी अकोल्याला शिकते, तिच्या हाती कोश आला आणि तिने मोठ्या ऐटीत शब्द टाकला, तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार. छपरीत सात माणसं, सातही वावरातली. एक म्हणे, "कायची तिफण, लाकडाची का ट्रॅक्टरची, ते सांग आधी." झाली फेरी. तिच्या हॉस्टेलवर हाच शब्द सोन्यासारखा चालला असता, वाफसा, सरता, डवरा, कुटार हे शेतीतले सगळेच शब्द तिथं चालतील, पण इथं नाही. म्हणजे शब्द अवघड आहे की नाही ते कोशाला विचारायचं नसतं, समोर बसलेल्यांना विचारायचं असतं. शब्द सांगितला की आधी एकदा "कोणाले माहीत हाये का?" असं विचारा, ज्याला माहीत आहे त्याने इमानदारीत हात वर करायचा, आणि एकही हात वर झाला तर तो शब्द सोडा, जीव लावू नका.

याच्या उलटी गंमत धुऱ्याची. पुण्याची वहिनी दिवाळीला आली होती, तिच्यासाठी म्हणून मुद्दाम आमच्याकडचा शब्द काढला, धुरा. आम्ही बाकीचे फेकणार आणि ती ओळखणार असं ठरलं. तिने उलट विचारलं, "यात ओळखायचं काय आहे, धुरा म्हणजे जबाबदारी, पक्षाची धुरा खांद्यावर घेतली असं पेपरात रोजच असतं की." आता आमच्याकडे धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, त्याच्यावरून भावाभावांच्या तारखा चालू आहेत, तो खांद्यावर कोण घेईल? दोघंही बरोबर, आणि फेरी बाद. एका शब्दाचे दोन मुलखांत दोन अर्थ असले तर तो शब्द गप्पांसाठी ठेवा, खेळासाठी नाही.

तिसरी चूक म्हणजे हवेतले शब्द. तितिक्षा काढला की सहा चिठ्ठ्यांवर "एक प्रकारची इच्छा" हेच येते, कारण तो शब्द ऐकून दुसरं काही सुचतच नाही. (तितिक्षा म्हणजे सहनशीलता, आणि ती त्या फेरीत सगळ्यांची संपली होती.) हात लावता येईल अशी साधी वस्तू आणि तिचं भारदस्त नाव, हा माल सगळ्यात चांगला. पलांडू म्हणजे कांदा, वृंताक म्हणजे वांगं, उष्णीष म्हणजे फेटा, कंडू म्हणजे खाज. हे चार आता तुमचे जळाले, दुसरे शोधा.

शोधायचे कुठं? दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ मध्ये सात भागात आलेला, आणि त्याच्याही आधीचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट पाहता येतात. फक्त मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत आहेत, म्हणून त्याच्यातला शब्द घेतला तर अर्थ आधी नीट मराठीत उतरवून ठेवा, वाचता वाचता भाषांतर करायला गेलं की जीभ अडखळते आणि हाच खरा हे सगळ्यांना कळते. दाते-कर्व्यांत शब्दापुढे (व.) किंवा (ना.) दिसलं तर तो वऱ्हाडी किंवा नागपुरी, तो आपल्या छपरीत काढायच्या आधी आजीकडे पाहा, तिला नक्की माहीत असते.

फेकताना होणारी चूक, म्हणजे हुशारी

एक फेरी पूर्ण सांगतो. शब्द होता मंदुरा. चिठ्ठ्या अशा आल्या.

मावसभाऊ, बीए मराठी: "पूर्वीच्या काळी राजे-महाराजे शिकारीला जात असत तेव्हा सोबतच्या दासी ज्या मोरपिसांच्या पंख्याने त्यांना वारा घालत असत त्या पंख्यास मंदुरा असे संबोधले जाई."

भाटवे: "मंद बुद्धीची बाई."

पुतणी: "एक प्रकारचे वाद्य."

आजी (तिने कानात सांगितलं, मी लिहिलं): "ताकाच्या डेऱ्याखाली ठेवायची चुंबळ."

आणि खरा अर्थ: "घोड्यांचा तबेला."

मावसभावाला शून्य. कोश एवढं बोलतच नाही हो, कोशाला कागद पुरवायचा असतो, त्याच्यात दासी आणि शिकार कुठून येईल? भाटव्यांना शून्य, कारण शब्दात मंद दिसला की मंद बुद्धी हे नवीन खेळणारे सगळेच लिहितात, शब्दाच्या आवाजावर उडी मारायची नसते, निदान पहिली उडी तरी सोडून द्यायची. पुतणीला एक मत मिळालं, "एक प्रकारचे" ही सुरुवात कोशासारखी वाटते खरी, पण एका रात्रीत ती तीनदा वापरली की चौथ्यांदा पकडली जाते. आजीला तीन मतं! मंदुरा आणि मंथन, हे आवाजाचं नातं तिने कुठं दाखवलं नाही, नुसतं ताकाच्या शेजारी नेऊन ठेवलं, आणि चुंबळ इतकी बारकी वस्तू की खोटं बोलणारा एवढं बारीक कायले बोलेल असं प्रत्येकाला वाटलं. तबेल्याला एकही मत नाही. त्या दिवशी कोश माझ्याकडे होता, ३ गुण मला फुकटात.

आजीचं शिक्षण दुसरी. पण सत्तर वर्षं उखाणे घेतलेली आणि पोळ्याच्या झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या ओळी, पाठ असलेली बाई आहे, कोणता शब्द कुठं बसते हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळते. लिहिता न येणाऱ्याला खेळात घेत नाहीत ही मी पाहिलेली सगळ्यात महाग चूक आहे. लिहायला एक पोट्टा द्या बसवून, फक्त त्याने तिचं बोलणं सुधारायला जाऊ नये.

तर फेकायचं ते सातबाऱ्यासारखं फेका. कोरडं, आखूड, विशेषणं नाही, गंमत नाही. चार ते आठ शब्द. आणि हसू येईल असं काही सुचलंच तर ते तोंडी सांगा, चिठ्ठीवर नको, हसवणाऱ्या चिठ्ठीला दाद मिळते, मत मिळत नाही. पोरांना हे पटत नाही, त्यांना दादच पाहिजे असते, त्यांचं चालू द्या.

वाचणाऱ्याच्या चुका

इथं कोशवाल्याने तीन गोष्टी करायच्या. सगळ्या चिठ्ठ्या आधी मनात वाचून घ्यायच्या, म्हणजे अक्षर लागलं नाही तर लिहिणाऱ्याला हळूच विचारता येते, सगळ्यांसमोर "हे काय चुंबळ का चिंबळ?" असं विचारलं तर चिठ्ठी तिथंच मेली. खरा अर्थ कोशातून जसाच्या तसा वाचायचा नाही, कोशात एका अर्थाला चार समानार्थी चिकटवलेले असतात आणि त्या भाषेवरून तो लगेच ओळखू येते, त्यालाही चिठ्ठीवर साध्या एका ओळीत लिहायचं. आणि खरी चिठ्ठी दरवेळी मधात घालायची नाही. आमचे एक निवृत्त गुरुजी खरी नेहमी तिसरी वाचत, दोन हिवाळे कोणाच्या ध्यानात आलं नाही आणि ज्या दिवशी आलं त्या दिवसापासून तिसरीलाच सगळी मतं. चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसा.

शब्द नुसता तोंडाने सांगू नका, पाटीवर लिहून दाखवा. जरा हा शब्द घ्या. थोडंसं या अर्थाचा जरा वेगळा उच्चारतात आणि म्हातारपण या अर्थाचा जरा वेगळा, ज जीवनातला. लिहिलं तर दोन्ही सारखेच. आम्ही एकदा याच्यावर पंधरा मिनिटं घालवली आणि ज्याने शब्द काढला होता त्यालाही शेवटी सांगता येईना त्याने कोणता म्हटला ते.

आता माझी स्वतःची चूक. इरसाल हा शब्द मी काढला, म्हटलं याचा नंबरी, अट्टल हा अर्थ सगळ्यांना माहीत आहे पण जुना अर्थ कोणालाच नाही, वसूल झालेली रक्कम सरकारी खजिन्यात पाठवणे. सगळ्यांना सांगितलं की नेहमीचा अर्थ सोडून दुसरा लिहा. हात वर करा म्हणायला मात्र विसरलो, आणि छपरीत त्या दिवशी जुने कोतवाल बसले होते, ज्यांची उमर तहसीलला चलन नेण्यात गेली. त्यांनी अगदी खरा अर्थ लिहून दिला. चिठ्ठी पाहून मी घाबरलो आणि दोन्ही वाचल्या, माझी आणि त्यांची. एकसारख्या दोन चिठ्ठ्या ऐकल्या की कोणीही समजते, सगळ्यांनी तिकडंच मत दिलं. अशा वेळी करायचं असं की त्यांची चिठ्ठी गुपचूप बाजूला ठेवायची, त्यांना ३ गुण लिहायचे, एकच अर्थ वाचायचा आणि त्या फेरीत त्यांनी मत द्यायचं नाही. दोन खोट्या चिठ्ठ्या सारख्या आल्या तरी एकच वाचा, मतं दोघांच्या खात्यात जातात.

मत देताना

एकामागून एक मत घेऊ नका. शब्द होता मत्कुण, मोठ्या भाऊजींनी पहिलंच मत दिलं, ठासून, "समुद्रातला खडक होय हा, मी वाचला हाये." मोठे भाऊजी म्हटल्यावर धाकट्या भावांची काय बिशाद, सूनबाईंचा तर प्रश्नच नाही, सगळेच खडकावर. मत्कुण म्हणजे ढेकूण, आणि ज्या बाजेवर बसून भाऊजी हे सांगून राहिले होते तिच्यातच तो असावा अशी आजीला शंका होती. त्या दिवसापासून चिठ्ठ्यांना नंबर देतो, एक-दोन-तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची. बोटं बदलली तर मत बाद, मग तो जावई असो.

सात-आठच्या वर माणसं झाली तर दोघा-दोघांची जोडी करा, बारा अर्थ ऐकून होईस्तोवर पहिला अर्थ कोणाच्या लक्षात राहत नाही.

फोनचं काय? आमच्याकडे नेटवर्क पाण्याच्या टाकीजवळच येते, त्यामुळे खेळता खेळता कोणी "आलोच" म्हणून टाकीकडे निघाला की समजून जा. आता सगळे फोन एका सुपात, सूप आजीच्या मांडीशी. कोशही फोनवरचा असेल तर तो एकच फोन बाहेर, आणि तोही ज्याची पाळी त्याच्याच हातात.

एक राहिलं. पूर्ण डाव म्हणजे प्रत्येकाच्या हाती कोश एकदा आलाच पाहिजे, नाहीतर ज्याने वाचलं नाही त्याचं ३ गुणांचं नुकसान होते. आम्ही हे ठरवलं आहे पण पाळता येत नाही, कारण मधातच लाइन येते, स्टार्टरचा आवाज झाला की टॉर्च घेऊन सगळे धुऱ्याकडे पळतात आणि वही छपरीतच पडून राहते. मागच्या शनिवारी मी १४ वर होतो, मावसभाऊ १५ वर, कोश धरायची पाळी माझी होती. सकाळी वही पाहिली तर आजीपुढे २१ लिहिलेले. तिला लिहिता येत नाही. पोट्टा म्हणते, मी नाही लिहिलं.