दणका, दिलासा आणि आदेशाची प्रत : सर्वोच्च न्यायालयाच्या वार्तांकनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

सर्वोच्च न्यायालयाची मी दिलेली पहिलीच बातमी चुकीची होती आणि ती चूक माझ्या लक्षात आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. एका सहकारी बँकेतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा वाद होता. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध बँकेने केलेली विशेष अनुमती याचिका जेमतेम दोन मिनिटांत फेटाळली गेली आणि मी ‘उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब’ असे शीर्षक देऊन मोकळा झालो. उपाहारगृहात भेटलेल्या एका ज्येष्ठ वकिलांनी अंक समोर ठेवला आणि विचारले, ‘‘शिक्का कुठे मारलाय, तेवढं दाखवा.’’ आदेश एका ओळीचा होता. हस्तक्षेप करण्याचे कारण दिसत नाही, सबब याचिका फेटाळण्यात येते, एवढेच त्यात लिहिले होते.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी हीच गोष्ट समजून घ्यावी, असे मला वाटते. घटनेच्या अनुच्छेद १३६ खाली येणाऱ्या या विशेष अनुमती याचिकेत न्यायालय पहिल्या टप्प्यावर एवढेच ठरवते की या प्रकरणात अपील करू द्यायचे की नाही. कारणे न देता याचिका फेटाळली तर उच्च न्यायालयाचा निकाल त्या पक्षकारांपुरता कायम राहतो. परंतु तो सर्वोच्च न्यायालयाला पटला, किंवा अनुच्छेद १४१ नुसार देशभर बंधनकारक ठरणारा कायदा झाला, असा त्याचा अर्थ होत नाही. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या २००० सालच्या निकालात हे पुरेसे स्पष्ट केलेले आहे. सोमवार आणि शुक्रवार हे प्रामुख्याने अशा नव्या प्रकरणांचे दिवस. एकेका पीठासमोर कित्येक प्रकरणे असतात आणि बहुतेकांचा निकाल काही मिनिटांत लागतो. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द या दोन दिवशी लिहिण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

आपल्या मराठी वृत्तपत्रांनी न्यायालयाच्या बातमीसाठी एक खास शब्दसंग्रह तयार केला आहे : दणका, दिलासा, ताशेरे, कानउघाडणी, चपराक. हे शब्द मीही वापरले आहेत. त्यांची अडचण अशी की ते प्रत्येक गोष्टीला लागू पडतात आणि म्हणून नेमके काहीच सांगत नाहीत. सरकारला नोटीस निघाली की ‘दणका’ छापून येतो. वास्तविक नोटीस म्हणजे दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकण्याची तयारी, त्यापलीकडे काही नाही. अंतरिम स्थगिती आणि ‘जैसे थे’चा आदेश यांतही फरक आहे : स्थगितीने एखाद्या आदेशाची किंवा कायद्याची अंमलबजावणी थांबते, तर ‘जैसे थे’मुळे त्या दिवशी जी परिस्थिती असेल ती दोन्ही बाजूंवर बांधली जाते. जमिनीच्या वादात या फरकावरून घर पाडले जाते की वाचते हे ठरते.

सुनावणीतील तोंडी शेरे हा आणखी मोठा सापळा आहे. न्यायमूर्ती प्रश्न विचारतात ते बहुधा वकिलाचा युक्तिवाद घासून पाहण्यासाठी. ज्या वकिलाला सकाळभर फैलावर घेतले त्याच्याच बाजूने दुपारी आदेश झालेला मी अनेकदा पाहिला आहे. असे शेरे छापूच नयेत असे मात्र नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगावर अत्यंत कठोर तोंडी टीका केली, तेव्हा आयोगाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेऊन अशा शेऱ्यांचे वार्तांकन रोखण्याची मागणी केली होती. ६ मे २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने ती नाकारली. न्यायालयात जे घडते ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचा माध्यमांचा अधिकार मान्य करतानाच, तोंडी शेरा हा न्यायालयाच्या आदेशाचा भाग नसतो, हेही स्पष्ट केले. शेरा छापा, पण तो शेरा आहे हे त्याच वाक्यात सांगा.

निकालपत्र कसे वाचावे, हे मला मराठा आरक्षणाच्या निकालाने शिकवले. ५ मे २०२१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा निकाल दिला. पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती अशोक भूषण होते आणि त्यांचे निकालपत्र सर्वांत आधी येते. महाराष्ट्राच्या २०१८ च्या कायद्याने दिलेले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षणात १२ व नोकऱ्यांत १३ टक्के झालेले आरक्षण रद्द करण्यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. इंद्रा साहनी प्रकरणातील ५० टक्क्यांच्या मर्यादेचा फेरविचार करण्याची गरज नाही, यावरही एकमत होते. मात्र १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास प्रवर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला का, या प्रश्नावर पीठ तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले, आणि येथे न्यायमूर्ती भूषण अल्पमतात होते. राज्यांचा अधिकार शाबूत आहे, असे त्यांचे आणि न्यायमूर्ती अब्दुल नझीर यांचे मत. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी त्याविरुद्ध लिहिले आणि न्यायमूर्ती नागेश्वर राव व न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी त्यांना साथ दिली. म्हणजे पहिलेच निकालपत्र वाचून ज्याने घाईने बातमी दिली, त्याने या मुद्द्यावर नेमके उलटे लिहिले असते. याच बहुमतामुळे पुढे त्याच वर्षी संसदेला १०५ वी घटनादुरुस्ती करून राज्यांना तो अधिकार परत द्यावा लागला. तेव्हापासून एकाहून अधिक निकालपत्रे असतील तर मी कागदावर रकाने आखतो : आडवे न्यायमूर्ती, उभे मुद्दे. रकाने भरेपर्यंत दूरध्वनी उचलत नाही.

शिवसेनेच्या फुटीवरील ११ मे २०२३ च्या निकालात एकमत होते, तरी गोंधळ त्याहून मोठा झाला. बहुमत चाचणीसाठी उद्धव ठाकरे यांना पाचारण करण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता, तसेच विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा होती, असे न्यायालयाने म्हटले. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही, असेही म्हटले. दोन्ही बाजूंनी पेढे वाटावेत असाच हा निकाल. अशा वेळी ‘कोण जिंकले’ हा संपादकांचा प्रश्न बाजूला ठेवून ‘आता काय बदलले’ हा प्रश्न घ्यावा, म्हणजे बातमी आपोआप जागेवर येते. बदलले ते असे : सरकार राहिले, अपात्रतेचा निर्णय वाजवी मुदतीत घेण्याची जबाबदारी अध्यक्षांवर आली आणि २०१६ च्या नबाम रेबिया निकालातील मुद्दा, म्हणजे स्वतःला पदावरून दूर करण्याची नोटीस प्रलंबित असताना अध्यक्ष अपात्रतेचा निर्णय देऊ शकतात का हा प्रश्न, सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला.

कायद्याची पदवी हवीच का, असे विद्यार्थी विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिस्वीकृतीसाठी, म्हणजे वार्ताहर म्हणून अधिकृत मान्यतेसाठी, ती अट होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती काढण्यात आली. घटनापीठांच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होऊ लागल्याने कोल्हापुरात किंवा अमरावतीत बसूनही बरेच शिकता येते. तरीही काही महिने तरी दिल्लीत टिळक मार्गावरच्या इमारतीत काढावेत. फलकावर आयटम नंबर, म्हणजे यादीतील प्रकरणाचा क्रमांक, सरकत असतो, वकील ‘पासओव्हर’ (प्रकरण थोड्या वेळाने पुकारण्याची सवलत) मागतात, कोणी तातडीच्या सुनावणीसाठी ‘मेन्शनिंग’ करतो. यातून कोणते प्रकरण आज निघणार आणि कोणते लांबणार याचा जो अंदाज येतो, तो पडद्यावर येत नाही.

अवमानाची भीती नवख्यांना फार असते. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ नुसार कामकाजाचा निःपक्ष व अचूक वृत्तांत आणि निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरील न्याय्य टीका हा अवमान ठरत नाही. आपल्या मुंबईतूनच गेलेले १९६६ चे नरेश मिरजकर प्रकरणही वाचावे. एका साक्षीचे वार्तांकन थांबवणारा उच्च न्यायालयाचा तोंडी आदेश बहुमताने वैध ठरला. नऊ न्यायमूर्तींपैकी एकटे न्यायमूर्ती हिदायतुल्ला विरोधात गेले. माझ्या मते वार्ताहराने बहुमताइतकेच हिदायतुल्लांचे निकालपत्रही वाचावे.

पदनामांतही मराठीत घोळ होतात. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश, उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती. केंद्राचा महान्यायवादी, राज्याचा महाधिवक्ता.

शेवटी एक अगदी व्यवहाराची बाब. सुनावणी दुपारी संपते, आदेश बहुधा संध्याकाळी किंवा नंतर संकेतस्थळावर येतो, आणि पान मात्र आपली वाट पाहत नाही. म्हणून ‘आदेशाची प्रत अद्याप उपलब्ध झालेली नाही’ हे वाक्य मी लिहीत असे, तेही बातमीच्या शेवटी, आणि जागा कमी पडली की उपसंपादक नेमके तेच कापत. हल्ली मी ते दुसऱ्या परिच्छेदात घालतो.